बरण्यांतलं पाणी

शाळेच्या स्मरणिकेसाठी विज्ञान प्रदर्शनाच्या आठवणी लिहून द्या, असा निरोप गेल्या महिन्यात आला. बक्षिसांची यादी माझ्याजवळ आहे, पण ती मी देणार नाही. न मिळालेल्या एका बक्षिसाबद्दल लिहितो. छापायचं की नाही ते संपादकांनी ठरवावं.

प्रदर्शनाची तयारी आमच्याकडे ठरलेल्या रीतीने व्हायची. विषय शिक्षकाने काढायचा, थर्माकोल, मोटर, लाल-हिरवे दिवे शिक्षकानेच जोडायचे, आणि मुलांनी चार ओळी पाठ करायच्या. मीही वर्षानुवर्षं तेच केलं. त्या वर्षी मी पाणचक्की ठरवली होती. तास संपल्यावर दहावीतली एक मुलगी टेबलापाशी येऊन उभी राहिली. तिचे वडील गावच्या तलावात मासे धरत.

"सर, मले तलावाचं करायचं हाये."

"तलावाचं काय करशील?"

"बाबा म्हणते, काठाले बेशरमची झुडपं वाढली अन् पाण्यातलं गवत गेलं, तवापासून मासा कमी झाला. खरं हाये का ते पाहाचं हाये."

पाच बरण्यांचा बेत तिने स्वतःच आखला होता. तीन बरण्यांत तलावातलं तीन जातींचं गवत, चौथीत बेशरमचा पाला, पाचवीत नुसतं पाणी. प्रत्येकीत तीन-तीन लहान मासे. अट एकच, पाणी बदलायचं नाही. गवत पाणी राखतं की नाही, तेच पाहायचं होतं. एका जुन्या रजिस्टरात ती रोज लिहायची. पाल्यातले मासे आधी मेले, नुसत्या पाण्यातले त्यानंतर. गवतातले नऊ जगून राहिले.

वडील एकदा शाळेत आले. ती शेजारीच उभी होती.

"सर, तालुक्याच्या प्रदर्शनात हिचा नंबर आला तं अकरावीले गोंदियाले टाकतो. नाही आला तं बस झालं शिक्षण."

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी शाळा सुटल्यावर मी प्रयोगशाळेत बरण्या पाहिल्या. पाणी हिरवट, तळाशी गाळ. परीक्षकांसमोर हे ठेवायचं? चकचकीत वस्तूला गुण पडताना मी आयुष्यभर पाहिलं होतं. मी गवताच्या तीन बरण्या रिकाम्या केल्या, काचा घासल्या, गवत धुतलं, शाळेच्या टाकीतलं पाणी भरलं आणि मासे परत सोडले. टाकीत त्याच सकाळी ब्लीचिंग पावडर पडली होती. शिपायाला टाकायला मीच सांगितलं होतं. क्लोरीनचा धडा शिकवणाराही मीच.

सकाळी नऊही मासे पोट वर करून तरंगत होते. मुलीने बरणीला नाक लावलं.

"सर, पाणी कोनं बदललं?"

"कोणी नाही. तूच काही केलं असशील."

तिने रजिस्टर उघडून काहीतरी लिहिलं आणि बरण्या उचलल्या. एसटीत ती त्या मांडीवर घेऊन बसली होती.

परीक्षक आले. "काऊन मेले हे?" त्यांनी विचारलं. मुलीने माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं. "माहीत नाही," ती म्हणाली. परीक्षक हसले. "मासेमाराची पोरगी हाये, मासे मारणारच." मीही हसलो. पाणी बदललं ती चूक म्हणता येईल. हसलो ते मात्र चुकून नव्हे, जाणूनबुजून. रजिस्टर कोणी उघडलंसुद्धा नाही.

संध्याकाळी तिला घरी सोडायला गेलो. वडील अंगणात जाळं विणत होते.

"नऊ मासे नाही सांभाळले तुह्याच्यानं. कालेज सांभाळशील?"

मी तिथेच उभा होतो. एक वाक्य पुरलं असतं. मी पाणी पिऊन निघालो.

दहावीनंतर तिचं शिक्षण थांबलं. पुढे कामठ्याकडे लग्न झालं. रजिस्टर प्रदर्शनाच्या सामानासोबत प्रयोगशाळेत परत आलं होतं, निवृत्तीच्या वेळी मी ते घरी आणलं. टाकून देता आलं नाही आणि उघडताही आलं नाही.

स्मरणिकेचा निरोप आल्यावर ते घेऊन कामठ्याला गेलो. तिने खुर्ची दिली, चहा ठेवला. मी सगळं सांगितलं.

"माहीत होतं, सर. वास आला होता."

"मग बोलली काऊन नाही?"

"तुमी सर होते. तुमीच बोलाल म्हणून वाट पाहून राहिली होती. घर येईपर्यंत." मग म्हणाली, "बाबाले तरी सांगाचं होतं. मरेपर्यंत मलेच हासत होते."

वडील चार वर्षांपूर्वी गेले. ते मला तिथेच कळलं. मी माफी मागितली. तिने ऐकून घेतली, पण माफ केलं असं म्हणाली नाही. रजिस्टर मात्र हातात घेतलं, शेवटचं लिहिलेलं पान काढून माझ्यासमोर धरलं. त्या सकाळची नोंद होती: "नऊ मासे मेले. कारण:" पुढे कोरं.

"एवढं भरून द्या, सर."

मी लिहिलं, विज्ञान शिक्षकाने टाकीचे पाणी भरले, पाण्यात क्लोरीन होता. खाली सही केली. तिने ते वाचलं.

"तारीख टाका," ती म्हणाली.

"आजची?"

"आजचीच. तवाची कायले?"