कारवीच्या नाळेवर हक्क सांगायला

भोरहून सकाळची एसटी धरली तेव्हा लेक म्हणाली, "आई, या वयात डोंगरात कशाला?" सुमनच्या हेव्यापोटी जातेय, हे लेकीला कसं सांगायचं? तुम्हाला मात्र सांगते.

डोंगर भटकणाऱ्यांची एक वेबसाइट आहे. पंधराएक वर्षांपूर्वी मी तिथे कारवीच्या नाळेविषयी (नाळ म्हणजे कोकणात उतरणारी अरुंद, दगडगोट्यांची घळ) लिहिलं होतं. जन्मातलं पहिलं लिखाण. खाली केवढी चर्चा, केवढं कौतुक! आता ती लिंक दाबली की 'पान सापडले नाही' एवढंच येतं. नक्कल मी ठेवली नाही. आणि नवी पोरं त्या वाटेला म्हणतात काय, तर 'सुमनताईंची वाट'! सुमन माझी मैत्रीण. पहिल्या फेरीत ती माझ्या मागे होती, आणि धापा टाकत होती, हेही लिहून ठेवते. आम्हाला वाट दाखवली ती वरच्या धनगरवाड्यावरच्या धोंडाबाईंनी. म्हटलं, पुढे कोण होतं ते त्यांच्याच तोंडून वदवून घ्यावं.

नसरापूरला गाडी बदलली. मार्गासनीच्या पुढे भाताची कापणी चालली होती. विंझरला चहाला उतरले, तर बुटाचा तळवाच सुटून हातात. किती वर्षं माळ्यावर पडले होते, बिचारे! दुकानदाराने सुतळी दिली.

"आज्जी, गडावर निघालाय काय?"

"गडावर नाही रे बाबा, भांडायला."

वेल्ह्याहून वडापने (माणसं कोंबून नेणारी जीप) पायथा गाठला आणि दीड तास चढून धनगरवाड्यावर पोहोचले. धोंडाबाई अंगणात नाचणी पाखडत होत्या. मला बघून डोळे बारीक केले.

"सुमनताईंच्या संगं आल्त्या का कवा?"

संगं नाही, पुढे! पण गिळलं. म्हटलं, "सुमन येते का अजून?"

"व्हय की. दसरा झाला की दरसाली येत्यात. पावसाळ्यात गुरं दगडाच्या चळती पाडत्यात, वाट कारवीत बुडती. आमी दोगी परत रचतो."

वाट कळावी म्हणून दगडावर दगड ठेवून केलेल्या खुणा, त्या चळती. माझ्या लिखाणात त्यांचाच तर भरवसा होता.

"आदी कुन्या बाईनं लिवलं व्हतं म्हनं," धोंडाबाई पुढे बोलत होत्या, "तिसऱ्या चळतीपाशी उजवीकडं वळा. आवं, गुरांनी दोन पाडल्या, मग तिसरी कंची? एक गडी कागुद घिऊन चळती मोजत मोजत पार कड्यावर गेला. आमच्या मालकांनी दोर टाकून वर काढला. तवापासनं सुमनताई येत्यात."

सुमनने हे मला कधी सांगितलंच नव्हतं. खरं सांगते, त्याचाही हेवा वाटला. इतकं चांगलं वागायची काही गरज होती का?

"धोंडाबाई," मी म्हटलं, "ती बाई मीच."

त्यांनी सूप खाली ठेवलं. मग पदर तोंडाला लावून अशा हसल्या! "तुमी व्हय! लई शिव्या घातल्यात म्या तुमास्नी. बसा, भाकर खावा."

नाचणीची गरम भाकरी, लसणाची चटणी. दोन खाल्ल्या. मग त्यांच्याबरोबर नाळेच्या तोंडाशी जाऊन एक पडलेली चळत रचली. माझे दगड दोनदा घसरले. "रुंद दगूड खाली, बाई," त्या म्हणाल्या. पुढे कोण होतं, ते काही मी विचारलं नाही.

घरी आल्यावर वेबसाइटवर लिहिलं: 'कारवीच्या नाळेविषयी माझं जुनं पान कुठे मिळालंच, तर त्यावर जाऊ नका. तिथे चळती मोजायच्या नसतात, धोंडाबाईंना विचारायचं असतं. नाचणीची भाकरीही खाऊन या. वाट दरवर्षी नीट करते ती सुमन.' शेवटचं वाक्य लिहायला अर्धा तास लागला.

पाचच मिनिटांत खाली सुमनचं उत्तर: 'मला न सांगता गेलीस? आणि त्यांनी तुला भाकरी दिली? मला तर दरवर्षी नुसतं ताक देतात!'

चार वेळा वाचलं. काय गोड वाटलं म्हणून सांगू! या वेळी मात्र कागदावर उतरवून ठेवलंय.