खाट तुरुंगात मिळाली

डॉक्टरांनी माझ्या धाकट्या भावाचं, गोविंदाचं, पोट दाबून पाहिलं आणि म्हणाले, “लिव्हर सुजलंय.” लिव्हर म्हणजे यकृत, उजव्या बरगडीखालचं. डोळे पिवळे झालेच होते. “दारू सुटली नाही तर वर्षभरही टिकायचा नाही.”

“मग खाट द्या साहेब. इथे ठेवून सोडवा.”

“ही खोड आहे, रोग नाही. खोडीला सरकारी खाट नसते. घरी समजावा.”

समजावा! जसं काही आम्हीच त्याला आग्रह करून पाजत होतो. दारूच्या ठेक्याचा लिलाव करायचा सरकारनं, आणि पिऊन पडलेल्याला उचलायचं भावानं. आम्ही खांडबाऱ्याकडचे सुतार. शपथा घातल्या, नवस केले. आणखी दोनदा दवाखान्यात नेला. दोन्ही वेळा तेच कडू मिक्श्चर हातावर ठेवून घरी पाठवलं.

मग मी पाप केलं. ठेक्यावरची पिणं गुन्हा नव्हता, हातभट्टीची बाळगणं होता. मोहाच्या दारूची एक बाटली मी गोविंदाच्या हत्यारांच्या पेटीत, रंध्याखाली ठेवली आणि अबकारीच्या जमादाराला कळवून आलो. वाटलं, तुरुंगात तरी दारू मिळायची नाही.

“मी ठेकानीच पेस, साहेब,” तो कोर्टात हात जोडून सांगत होता. खरंच सांगत होता. तीन महिन्यांची सजा झाली.

आठवड्यानं भेटायला गेलो तर तो आजारी कैद्यांच्या खोलीत, खाटेला बांधलेला. तुरुंगाचे डॉक्टर म्हणाले, “डिलिरियम ट्रेमेन्स.” म्हणजे दारू एकाएकी तुटली की अंग थरथरतं, नसलेली माणसं दिसतात, कधी जीवही जातो. मला हे ठाऊक नव्हतं. तुमच्या घरी असा कोणी असेल तर त्याला कोंडून ठेवू नका. ते डॉक्टर दोन दिवस त्याच्याजवळून हलले नव्हते. म्हणाले, “कैदी मेला तर मला जाब द्यावा लागतो.” मोकळा माणूस मेला असता तर जाब कोणी दिला असता?

सुटून आला तेव्हा डोळे स्वच्छ, हात स्थिर. ओट्यावर टेकला आणि म्हणाला, “दादा, मन्ही पेटीमा ती बाटली कोणी ठेवी?”

“मी.”

पाणीही न पिता त्यानं पेटी उचलली आणि सासुरवाडीला निघून गेला. तीन वर्षं झाली. दारूला शिवलेला नाही. माझ्याशी बोललेलाही नाही.

भाऊ जगला, म्हणून देवाचे आभार मानतो. त्याला जगवायला आधी गुन्हेगार करावं लागलं, त्याबद्दल कोणाचे मानू?