एका कुटुंबाचं एक मत

नागपूरच्या कॉलेजात मी सहा वर्षं ब्रिटिश राज्यघटना शिकवली. व्हर्जिनियात आल्यावर दातांच्या डॉक्टरकडे फायली लावायचं काम मिळालं. तक्रार नव्हती, फायली विद्यार्थ्यांपेक्षा गप्प असतात.

आमच्या मराठी मंडळाचे अध्यक्ष लंडनला दोन वर्षं शिकून आलेले इंजिनियर होते. मंडळ निघाल्यापासून तेच अध्यक्ष. निवडणुकीच्या वेळी कोणी तरी ‘यांनाच राहू द्या’ म्हणायचं, टाळ्या व्हायच्या, चिटणीस वहीत ‘एकमताने’ लिहायचे आणि सगळे बटाटेवड्यांकडे वळायचे. ‘इंग्लंडला लिखित घटना नाही, तरी बघा कसं चालतं,’ हे अध्यक्षांचं आवडतं वाक्य. मॅग्ना कार्टाबद्दल ते अशा थाटात बोलत, की राजाने शिक्का मारला तेव्हा लाख यांनीच पुढे केली असावी.

पुढे करमाफीसाठी सरकारला लेखी नियम हवे झाले. शाळेच्या कॅफेटेरियात सभा भरली आणि अध्यक्षांनी स्वतः लिहिलेला मसुदा वाचला. कुटुंब सभासदत्वाला एक मत. ते कुटुंबप्रमुख देईल.

मी उभी राहिले. “कुटुंबप्रमुख म्हणजे कोण?”

“वहिनी, ते तुम्ही घरी ठरवा.” हशा झाला.

“गणपतीला दोनशे माणसांचा स्वयंपाक आम्ही बायका करतो. आम्हाला मत का नाही?”

“अहो, तुमच्या घरात मतभेद आहेत की काय?”

“आहेत की नाहीत, ते मोजायलाच मत लागतं.”

“इंग्लंडमध्येसुद्धा हे हळूहळू झालं. घाई कसली?”

“अठराशे बत्तीसच्या कायद्यात ‘पुरुष’ हा शब्द मुद्दाम घातला होता. एकोणीसशे अठराला तिशीपुढच्या काही बायकांना मत मिळालं. मी त्रेचाळीस वर्षांची आहे. अजून किती हळू?”

या वेळी कोणी हसलं नाही. मसुद्यावर मतदान झालं, तेही घरटी एक हात. शेजारी बसलेल्या माझ्या नवऱ्याने हात वर केला, मसुद्याच्या बाजूने.

गाडीत ते म्हणाले, “उगाच वाईटपणा कशाला? तुझं मत मला माहीत होतंच.”

“मग हात कुणाच्या मताचा वर केलात?”

त्यांनी रेडिओ लावला.

घरी मी ते नियम बारकाईने वाचले. चौथा नियम एकेरी सभासदांचा होता: एका व्यक्तीला एक मत. तो विद्यार्थ्यांसाठी आणि सड्या माणसांसाठी केलेला होता, पण तसं कुठेही लिहिलेलं नव्हतं. ज्यांना न लिहिता चालवायची सवय असते, ते लिहायला बसले की असं होतं.

पुढच्या वार्षिक सभेआधी मी एकेरी सभासदत्वाचा अर्ज टपालाने पाठवला. सभेला पोचले तोवर माझा घटस्फोट सगळीकडे झालेला होता.

“सगळं ठीक ना गं घरी?” वडे तळून आणणाऱ्या बाईंनी कुजबुजत विचारलं.

“आम्ही एकाच गाडीतून आलोय,” मी म्हटलं.

अध्यक्ष माझा अर्ज हातात धरून आले. “वहिनी, हे अविवाहितांसाठी आहे.”

“तसं लिहिलेलं नाही.”

“आमचा हेतू तोच होता. तुमच्यापुरता हा नियम बाजूला ठेवू.”

“झालेला कायदा राजाला आपल्या मर्जीने बाजूला ठेवता येत नाही. हे सोळाशे एकोणनव्वदला ठरलं. तुम्ही लंडनला होतात ना?”

नवरा जमिनीकडे बघत होता. अध्यक्षांनी अर्ज टेबलावर आपटला, पण परत दिला नाही.

निवडणूक आली. ‘यांनाच राहू द्या’ झालं, टाळ्या झाल्या. “विरोधात कोणी?” अध्यक्षांनी सवयीने विचारलं, लक्ष वड्यांच्या ताटाकडे होतं. मी हात वर केला. अख्ख्या कॅफेटेरियात तो एकच होता.

अध्यक्ष तेच राहिले. मी मात्र चिटणिसांच्या खुर्चीमागे जाऊन उभी राहिले. त्यांनी ‘एकमताने’ आधीच लिहून ठेवलं होतं. ते त्यांनी खोडलं, वर ‘विरोधात एक’ असं लिहिलं, आणि मग मी वडा घ्यायला गेले.