पोत्याच्या तोंडाची ज्वारी

मंगळवेढ्याची ज्वारी पारखण्यात सोलापूरच्या बाजारात माझं आयुष्य गेलं. शाळा दुसरीपर्यंतच, पण पोत्याच्या तोंडाला टपोरी अन् तळाला किडकी ज्वारी भरलेली मी वासावरून ओळखायचो. मला मायलॉइड की काय म्हणतात तो रक्ताचा कॅन्सर झाला. जुन्या औषधाला गुण येईना, तेव्हा नवं औषध माझ्यावर तपासायचं म्हणून डॉक्टरीणबाई गोड बोलू लागल्या. मला तळाचा वास आला.

बाईंनी संमतीचे कागद पुढं ठेवले, तशी सून म्हणाली, "मामा, सही करा की."

"थांब गं. बाई, ह्यानं मी बरा होणार व्हय?"

"माहीत नाही, आजोबा. त्रासही होऊ शकतो. नको वाटलं तर कधीही सोडा."

"माल एक नंबर" म्हणणाऱ्याचं पोतं मी हटकून ओतायला लावायचो. "मलाबी ठाऊक न्हाय, ओतून बघा" म्हणणारे थोडेच भेटले, पण त्यांनी कधी फसवलं नाही.

तरी कागद घरी नेले अन् चार दिवस बोट फिरवत वाचले. मग सही केली, अंगठा नाही. पहिली गोळी सुनेनं डबीतून काढली, तेव्हा म्हणालो, "तोंडाची नको. आधी सगळी डबी ताटात ओत."