भैरोंघाटीच्या पुढचा रस्ता

डोलकर आत्याच्या तोंडाला फाटक नव्हतं. माझं सूत जरा जाड निघालं की म्हणायची, "बुटी, हा काय दोर काढलायस? बकरी बांधायची आहे का?" पण आमच्यातलं कोणी गेलं की सगळे हिचीच वाट बघत बसायचे.

आम्ही जाड जमातीचे, तिबेटच्या सरहद्दीवरचे मेंढपाळ; आमच्यात मेलेल्याला रस्ता सांगावा लागतो. कानाशी बसून, फक्त त्यालाच ऐकू जाईल असं, आमच्याच बोलीत, एकेका मुक्कामाचं नाव घेत, डुंडा या आमच्या हिवाळ्यातल्या गावापासून थेट वर नेलंगपर्यंत. नेलंग आमचं मूळ गाव. बासष्टच्या लढाईत ते रिकामं झालं, तेव्हा आत्या बारा वर्षांची होती. आम्ही खाली बगोरीत आलो, पण मेलेल्यांना जायचं असतं तिथेच. पाणी कुठे लागतं, दरड कुठे कोसळते, कुठल्या खडकाला हात लावून पुढे व्हायचं, हे आत्याला पाठ होतं. शेवटी शेवटी तर तिच्या एकटीलाच.

एरवी हा रस्ता घरात उच्चारायचा नाही. ऐकणाऱ्या जित्या माणसाचा जीव उठून चालू लागतो म्हणतात. तो शिकायचा चालता चालता, मेंढरांमागे. भैरोंघाटीपर्यंतचा मी लहानपणी तसाच शिकले. त्यानंतरचा कसा शिकणार? तिथे सरहद्द. वर्षातून एकदा देवाच्या पूजेपुरता पास मिळतो, तोही गाडीने जाऊन त्याच दिवशी परतायच्या अटीवर.

चार वर्षांपूर्वी पूजेला जाताना भैरोंघाटीच्या पुढच्या चौकीपाशी आत्या जीपमधून उतरली.

"चल बुटी, इथून पायी. जमेल तितका सांगते."

"गुडघे बघ तुझे! संध्याकाळी परत यायचंय. बस गाडीत."

"मग उद्या मला पोचवणार कोण? हा ड्रायव्हर?"

सगळे हसले. मीही हसले. "पुढच्या वर्षी नक्की," म्हटलं आणि तिला हाताला धरून वर चढवलं. मैलभर चालले असते तर माझं काय गेलं असतं? पण दुपारच्या आत पोचायची घाई झाली होती मला.

पुढच्या वर्षी तिचे गुडघे गेले. त्याच्या पुढच्या वर्षी तिने अंथरूण धरलं. मी काकुळतीला आले, "आत्या, सांग ना इथेच. काही होत नाही."

तिने मान हलवली. "घरात तुझी लेकरं आहेत. नाही सांगणार."

या माघात डुंडाला ती गेली. मी तिच्या कानाशी बसले. उत्तरकाशी, गंगनानी, सुक्खी, बगोरी, सगळं नीट सांगितलं. भैरोंघाटीपर्यंत आले आणि थांबले. लोक वाट बघत होते. माझा चुलतभाऊ बलबीरदादा मागून म्हणाला, "बोलीत आठवत नसेल तर पुढचं हिंदीत सांगून टाक."

मी सांगितलं आमच्याच बोलीत. "आत्या, पुढचं मला येत नाही. माझं चुकलं. विचारत विचारत जा."

आणि उठले. बाहेर हातावर पाणी घेताना ध्यानात आलं. तिथे वर आता फक्त फौजेची पोरं असतात, कुठकुठल्या मुलखांतून आलेली. आत्याने आमच्या बोलीत विचारलं, तर त्यातल्या कोणाला कळणार आहे?