वायफायच्या तायडे बाई

तायडे बाई कुणाच्याही लॅपटॉपला हात लावत नसत. आमच्या अमरावतीच्या कॉलेजातल्या कितीतरी मुलामुलींचे लॅपटॉप त्यांनी वायफायला जोडून दिले, पण एक दिवस सोडला तर त्यांचं बोट कुठल्या कळीवर पडलेलं मी पाहिलं नाही. साडीवर खाकी कोट घातलेल्या बाई आपल्या पाठीमागे उभ्या राहायच्या, दोन्ही हात मागे बांधून, आणि तोंडानं सांगायच्या. कुणी कंटाळून लॅपटॉप त्यांच्यापुढे सरकवला की म्हणायच्या, "लॅपटॉप तुहा, पासवर्ड तुहा, तं बोट बी तुहंच लाव."

बाई कॉम्प्युटर लॅबच्या परिचर होत्या. लॅब उघडायची, झाडायची, यंत्रांवरची धूळ पुसायची, संध्याकाळी कुलूप लावायचं, एवढंच त्यांचं नेमलेलं काम. शिक्षण बारावी. राहायला अकोल्याच्या जुन्या शहरात, मोर्णा नदीपलीकडे. रोज सकाळच्या गाडीनं बडनेऱ्याला उतरायच्या आणि तिथून ऑटोनं कॉलेजात यायच्या. संध्याकाळी तेच उलटं. या अप-डाऊनची त्यांना बारा वर्षं झाली होती. कॉलेजातल्या बाकीच्या परिचर बायकांना सगळे 'मावशी' म्हणत. यांना मात्र आम्ही 'बाई' म्हणायचो, शाळेतल्या शिक्षिकेला म्हणावं तसं. हे कुणी सुरू केलं ते माहीत नाही, पण कुणाला ते चुकीचं वाटलं नाही.

आमच्या कॉलेजचं वायफाय घरच्यासारखं नव्हतं. नाव निवडलं, पासवर्ड टाकला आणि झालं, असं तिथं चालायचं नाही. प्रत्येकाला वेगळं नाव आणि वेगळा पासवर्ड मिळायचा, आणि लॅपटॉपमध्ये जाऊन नेटवर्कचं प्रोफाइल आधी हातानं तयार करावं लागायचं. नेटवर्कचं नाव अक्षरानं अक्षर जुळवून लिहा, सुरक्षेचा प्रकार निवडा, एका ठिकाणची खूण काढा, दुसऱ्या ठिकाणी लावा. एक पायरी चुकली तरी काही दाखवायचं नाही, नुसतं गोल फिरत राहायचं. वायफाय बसवायला नागपूरहून एक इंजिनिअर आला होता. त्याच्याकडून बाईंनी हे तीन वेळा करून घेतलं आणि चौथ्यांदा त्याला म्हणाल्या, "आता तुमी पाहा, मी सांगतो." प्रत्येक इंग्रजी शब्दाचा अर्थ त्यांनी त्याला विचारून घेतला होता. म्हणून त्यांचं सांगणं आम्हाला कळायचं. "प्रोफाइल म्हंजे आपली ओळख लिहून ठेवलेला कागद. एकडाव नीट लिहिला का दरवाज्यावरचा मानूस रोज रोज इचारत नाई. अन् सिक्युरिटी टाइप म्हंजे कोनतं कुलूप हाये थे. कुलूप एक अन् चाबी दुसरी, तं कसं उघडन?"

मी दर्यापूरच्या शाळेत शिकलेली. तिथल्या कॉम्प्युटरच्या तासाला आम्ही चपला बाहेर काढून आत जायचो आणि सरांच्या खांद्यावरून पडदा पाहायचो. आई शाळेत खिचडी शिजवायची, बाबांचं सायकल दुरुस्तीचं दुकान. घरात कॉलेजची पायरी चढलेली मीच पहिली. बाबांनी अकोल्यात एका टायपिंगवाल्याकडून जुना लॅपटॉप आणून दिला होता. तो घेऊन मी पहिल्या वर्षी लॅबच्या रांगेत उभी राहिले. माझी पाळी आली. बाईंनी सांगितलं तसं सगळं केलं, पण पासवर्ड काही चालेना. चार वेळा टाकला, पाच वेळा टाकला. कानशिलं तापली. मागून एक मुलगा म्हणाला, "ताई, गावाकडलं नेट संगं घेऊन आली का?" रांग हसली.

बाईंनी मान न वळवता म्हटलं, "काय रे, परवा तुहावाला जोडता जोडता घंटा गेला, कॅपिटलचं बटन दाबून बसला होता तू. सांगू का या सगळ्याइले?" रांग दुप्पट हसली आणि तो मुलगा मोबाइलमध्ये तोंड घालून उभा राहिला. मग मला म्हणाल्या, "घाबरू नको वं पोट्टी. थे डोळ्याचं चित्र हाये ना, थे दाब. काय लिहून राहिली थे तं पाहू." असं म्हणून त्या स्वतः भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. मी डोळा दाबला तर ठिपक्यांच्या जागी देवनागरी अक्षरं! टायपिंगवाल्यानं कळफलक मराठीवरच ठेवलेला होता. मी हे सांगितल्यावर बाई इतक्या हसल्या की त्यांना पदर तोंडाशी धरावा लागला. "पाच डाव मराठीत हाक मारली, तरी दरवाजा उघडला नाई म्हंते!"

जोडणी झाली. मी लॅपटॉप मिटायला गेले, तर म्हणाल्या, "कुठी चालली? काढून टाक आता."

"काय काढून टाकू?"

"प्रोफाइल. पुसून टाक, अन् पुन्ना बनव. मी बोलत नाई आता."

ही त्यांची पद्धत होती. एकदा सांगून, एकदा न सांगता. दुसऱ्यांदा एकटीला जमलं की मगच सुटका. शहरातली मुलं यावर कुरकुरायची. बाई म्हणायच्या, "तुमी सुट्टीत गावी जासान, तिथं मी येऊन राहिली का?" त्या दिवशी मी दोनदा चुकले आणि तिसऱ्यांदा एकटीनं जोडलं. बाबांना फोन करून काय सांगावं ते कळेना. मी सांगितलं, की इथं एक बाई आहेत, त्या चांगल्या आहेत.

पासवर्डच्या बाबतीत त्या फार कडक होत्या. भौतिकशास्त्राचे एक वयस्कर सर होते, त्यांना आपला पासवर्ड मोठ्यानं म्हणत टाइप करायची सवय. बाईंनी चक्क कानांवर हात ठेवले. "सर, मले नका ऐकवू. उद्या काई झालं तं पैले माहंच नाव येईन." सर हसले, पण बाई हसल्या नाहीत. पुढे ओळख वाढल्यावर त्यांनी मला एकदा कारण सांगितलं. आधी त्या दुसऱ्या एका ठिकाणी कामाला होत्या. तिथं कुणाच्या तरी कॉम्प्युटरमधली महत्त्वाची फाइल गेली. धूळ पुसायला हात कुणी लावला होता, एवढंच विचारलं गेलं. फाइल आठ दिवसांनी त्या माणसाच्याच दुसऱ्या फोल्डरात सापडली. "मले कोनी सॉरी बी नाई म्हटलं. तवापासून हात मांगं."

त्यांची आणखी एक सवय म्हणजे जुनी नेटवर्कं काढायला लावणं. लॅपटॉपनं लक्षात ठेवलेल्या नावांची यादी उघडायला सांगायच्या. "हे कोनाचं? मामाचं घर? ठेव. हे? हाटेल? एकडाव चहा पेली अन् जन्मभर ध्यानात ठेवून राहिली का? काढ." एका मुलीच्या यादीत एका मुलाच्या फोनचं नाव निघालं. बाईंनी लगेच छताच्या पंख्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "हे तुहं तू पाय." पण आपोआप जोडण्याची खूण त्या कुणाला ठेवू देत नसत. म्हणायच्या, मशीनले जे आधी भेटन थे धरते, तिले चांगलं-वाईट कळत नाई. मी मान डोलवायची. माझ्या लॅपटॉपवर मात्र होस्टेलच्या वायफायला ती खूण होती. लॅबच्या मागच्या भिंतीलाच आमचं होस्टेल लागून. रोज संध्याकाळी खोलीत शिरताच आपोआप जोडलं जायचं, ते मला सोयीचं वाटायचं. बाईंनी यादी पाहायला मागितली की मी ती खूण तेवढ्यापुरती काढायची आणि नंतर परत लावायची.

दुसऱ्या वर्षी एकदा दुपारच्या सुट्टीत मला बाई जिन्याच्या पायरीवर डबा खाताना दिसल्या. मांडीवर पुस्तक होतं. त्या बाहेरून बी.ए. करत होत्या आणि शेवटचा एक पेपर राहिला होता. आमच्याच संस्थेच्या अकोल्यातल्या कॉलेजात प्रयोगशाळा सहायकाची जागा निघाली होती. पदवी असेल तरच अर्ज धरणार होते. "भेटली तं घरापासून पायी जाता येते," बाई म्हणाल्या. "बारा वर्सं झाले वं, पोरीले शाळेतून आलेली पाहिली नाई मी." हाच पेपर त्यांनी मागच्या खेपेला घरून फोनवर ऑनलाइन दिला होता, पण जुन्या शहरातल्या त्या बोळीत फोनचं नेट मधेच तुटलं आणि पेपर अर्धा राहिला. या खेपेला प्राचार्यांनी रविवारी लॅबमध्ये बसायची परवानगी दिली. पण आता फोन चालणार नव्हता, कॅमेरावाला लॅपटॉप लागणार होता, आणि लॅबच्या यंत्रांना कॅमेरे नव्हते. एवढ्या जणांचे लॅपटॉप जोडून देणाऱ्या बाईंकडे स्वतःचा नव्हता. त्यांनी माझा मागितला. मला इतका आनंद झाला की आदल्या दिवशी मी तो आतून-बाहेरून पुसला, चार्ज केला, लॅबचं वायफाय तपासलं. होस्टेलच्या खुणेची आठवणसुद्धा झाली नाही.

रविवारी लॅबमध्ये बाई एकट्या होत्या. खोलीत दुसरा माणूस दिसला किंवा आवाज आला तर पेपर रद्द, असा नियम. मी बाहेर व्हरांड्यात काचेपाशी थांबले. तासभर सगळं ठीक चाललं. मग लाईन गेली. पंखा थांबला, आणि दोन मिनिटांत आली पण. लॅपटॉपला बॅटरी होती, तो चालूच राहिला. पण वर भिंतीवरचा लॅबचा वायफायचा डबा बंद होऊन पुन्हा सुरू होत होता, आणि होस्टेलचा डबा इन्व्हर्टरवर होता. आपला लॅपटॉप आता आपोआप होस्टेलचं वायफाय धरणार, हे मला त्याच क्षणी कळलं. होस्टेलचं रिचार्ज शुक्रवारीच संपलं होतं. वायफाय जोडलेलं दिसलं असतं, नेट मात्र नसतं.

बाईंनी एकदा दाबून पाहिलं, पुन्हा दाबून पाहिलं. पडदा पांढरा झाला होता. मी काचेवर हात ठेवला आणि ठोठावता ठोठावता थांबले. आवाज गेला असता तर उरलेलंही गेलं असतं. कारण फक्त मला माहीत होतं, आणि मला तोंड उघडता येत नव्हतं.

बाईंनी मग कोपऱ्यातलं वायफायचं चिन्ह उघडलं. वाकून नाव वाचलं. मग त्यांचा हात जसा चालला, तसा मी कुणाचा पाहिला नाही. यादी उघडली, नाव निवडलं, विसरायला सांगितलं, लॅबचं नाव जोडलं. लाल अक्षरांत परीक्षेचा एक इशारा आला, पेपरचा पडदा सोडून दुसरीकडे गेल्याचा. त्यांनी तो वाचून बंद केला. पान परत आलं. बाईंनी कोटाला हात पुसले आणि पुढचा प्रश्न घेतला.

बाई बाहेर आल्यावर मी रडतच सगळं सांगितलं. "होस्टेलचं नाव पाहिलं तवाच समजलं मले," त्या म्हणाल्या. "राग आला. खोटं कायले सांगू, लय राग आला. पन घड्याळ चालू होतं ना वं, राग कवा करू?" मग म्हणाल्या, "दोन प्रश्न राहून गेले. बाकी लिहिले हायेत." आणि बडनेऱ्याचा ऑटो पकडायला निघून गेल्या.

निकाल लागेपर्यंतचे ते पाच आठवडे मी लॅबकडे जाताना पायऱ्या मोजत जायची. बाई पूर्वीसारख्याच बोलायच्या, त्यामुळे मला जास्त त्रास व्हायचा. एका सकाळी त्यांचा फोन आला. गाडीत होत्या, आवाज तुटत होता. मूर्तिजापूर गेलं असावं. "पास झाली वं पोट्टी. बेचाळीस मार्क."

त्या ऑगस्टमध्ये बाई अकोल्याच्या कॉलेजात नव्या जागेवर गेल्या. निरोप समारंभ त्यांनी करू दिला नाही. दुसऱ्या दिवशी लॅबसमोर रांग लागली आणि कॉम्प्युटरचे सर स्वतः जोडून द्यायला बसले. ते भराभर आपल्या हातानं करून देत होते. रांग लवकर संपली, आणि आठ दिवसांत तीच मुलं पुन्हा रांगेत आली.

पुढच्या वर्षी मी पदवीधर झाले आणि अकोल्यातच एका दवाखान्यात कॉम्प्युटर विभागात लागले. पहिल्याच आठवड्यात पेढे घेऊन बाईंच्या कॉलेजात गेले. लॅबच्या दारावर पाटी होती, त्यांचं पूर्ण नाव आणि पुढे बी.ए. आत दोन मुली लॅपटॉप उघडून बसल्या होत्या आणि टेबलापलीकडे बाई खुर्चीत बसून त्यांना सांगत होत्या. मी दारातच थबकले. अमरावतीच्या लॅबमध्ये चाळीस खुर्च्या होत्या, आणि तिथं बाईंना खुर्चीवर बसलेलं मी एकदाच पाहिलं होतं, त्या रविवारी काचेतून.

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं, पायानं शेजारची खुर्ची सरकवली आणि म्हणाल्या, "उभी काहून हायेस? बस."