मधुकरचा बेंजो आणि आमची मीटिंग

मधुकर आज सकाळी गेला.

त्याचा बेंजो मात्र चाळीस वर्षांपूर्वीच बंद पडला. तो बंद पाडणाऱ्यांत मी होतो.

आज नाही लिहिलं तर कधीच लिहिणार नाही.

मधुकर मूळचा नामपूरचा. आणीबाणी लागली त्या सुमारास नाशकात आला, एक पत्र्याची ट्रंक आणि चादरीत गुंडाळलेला बेंजो घेऊन. पुढे अंबडच्या औद्योगिक वसाहतीत एका कंपनीत पत्रा दाबून कापणाऱ्या पॉवर प्रेसवर लागला. आमच्याच कॉलनीत खोली घेतली.

ज्यांनी बेंजो पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. लाकडी पेटी, वर तारा, आणि टाइपरायटरसारखी बटणं. उजव्या हाताने तार छेडायची, डाव्या हाताची बोटं बटणांवर.

मधुकरची डावी बोटं पळायची तेव्हा दिसायची नाहीत.

त्याने कॉलनीतलेच चौघे जमवून गाण्याची पार्टी काढली. गायला त्याची बायको, सिंधूवहिनी. माइक खराब झाला तरी वहिनींचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत जायचा. लोक बोलत बसले की गाणं मध्येच थांबवून म्हणायच्या, "तुमचं होऊ द्या आधी. आम्ही थांबतो."

सात वर्षं आमच्या भीमजयंतीला हीच पार्टी वाजली. बारशाला, साखरपुड्याला, संपावरच्या कामगारांच्या सभेला, कुठेही बोलवा, जायचे.

मग चौऱ्याऐंशी साल आलं.

मी जयंती मंडळाचा सेक्रेटरी होतो. मीटिंग समाजमंदिरात. मधुकर ड्यूटीवर होता.

अध्यक्ष म्हणाले, "पलीकडच्या कॉलनीत मुंबईचा ऑर्केस्ट्रा येतो. लायटिंग, ड्रमसेट, सगळं. आणि आपण काय, दरवर्षी मधुकरचं टुणटुण ऐकायचं?"

सगळे हसले.

मीही हसलो.

"मुंबईच्या ऑर्केस्ट्राला कोणाकोणाची संमती?" अध्यक्षांनी विचारलं.

मी इकडेतिकडे पाहिलं. सगळ्यांचे हात वर होते. मीही केला. तोंड उघडून एक वाक्य बोललो असतो तर कदाचित दोन-चार हात खाली आले असते. कदाचित नसतेही आले. पण मी बोललो नाही.

सांगायला मलाच पाठवलं. मधुकर ओट्यावर बसून पान्याने तारा पिळत होता.

"मधू, या वर्षी मंडळाने बाहेरचा कार्यक्रम ठरवलाय."

त्याने पाना खाली ठेवला.

"म्हणजे आम्ही नाही?"

"मंडळाचं ठरलं रे."

मी 'मंडळ' म्हणालो. 'आम्ही' म्हणालो नाही.

त्याने पाना उचलून खिशात घातला. मग म्हणाला, "बरं. मग रजा कॅन्सल करतो. सुपरवायझर मागेच लागला होता."

जयंतीच्या दिवशी संध्याकाळी मैदान खच्चून भरलं होतं. रंगीत लाइट. सूटवाला गायक. लोक खुर्च्यांवर उभे राहून बघत होते. सिंधूवहिनी बायकांत बसल्या होत्या, नवी पांढरी साडी नेसून. समोरचं गाणं संपलं की टाळ्याही वाजवत होत्या.

तेवढ्यात मधुकरच्या कंपनीतला एक जण सायकल टाकून धावत आला.

"मधुकरचा हात प्रेसमध्ये गेला. त्याला दवाखान्यात नेलंय."

मी अध्यक्षांना सांगितलं. ते म्हणाले, "तू जा. कार्यक्रम नको थांबवायला. लोक बिथरतील."

मी वहिनींना बाजूला घेतलं. स्पीकरमुळे कानात ओरडून सांगावं लागलं.

त्या रडल्या नाहीत. एवढंच विचारलं, "कोणता हात?"

मला माहीत नव्हतं. मी त्या सायकलवाल्याकडे पाहिलं.

"डावा," तो म्हणाला.

वहिनी तिथेच मातीत बसल्या.

तीन बोटं गेली. प्रेसचं गार्ड, म्हणजे हात अडवणारी जाळी, काढून ठेवलेलं होतं, काम झपाझप उरकावं म्हणून. त्याला जबाबदार कोण, ते शेवटपर्यंत ठरलं नाही. मधुकरला बरं झाल्यावर गेटवर बसवलं. येणाऱ्या-जाणाऱ्यांची नावं लिहायला.

पार्टी मोडली. ढोलकवाला एका लग्नाच्या बँडमध्ये गेला. वहिनींना एक-दोन ठिकाणांहून बोलावणी आली, त्या गेल्या नाहीत.

एकदा दुपारी त्यांच्याकडे गेलो तर दोघं बेंजो मध्ये ठेवून बसलेली. उजव्या हाताने मधुकर तार छेडत होता, बटणं वहिनी दाबत होत्या. स्वर काही जुळत नव्हता. वहिनींना बटणं शोधावी लागत होती, तोवर त्याची तार पुढे गेलेली असायची.

दोघं आधी हसली. मग पुन्हा वाजवून पाहिलं. मग पुन्हा.

शेवटी मधुकर म्हणाला, "राहू दे सिंधू." आणि बेंजोवर चादर टाकली.

त्यानंतर मी त्याला बेंजोला हात लावताना पाहिलं नाही.

चार वर्षांनी मी एकदाचं बोललो. आम्ही इंदिरानगरकडून पायी येत होतो.

"मधू, त्या मीटिंगमध्ये मीही हात वर केला होता."

तो चालत राहिला.

"माले माहीत शे," म्हणाला. मनातलं बोलायचं झालं की तो असा गावाकडच्या बोलीत शिरायचा.

"कधीपासून?"

"दुसऱ्याच दिवशी कळलं. दवाखान्यात."

"मग कधी बोलला का नाहीस?"

"बोललो असतो तर तू येणं बंद केलं असतं. बोटं गेली. वर दोस्त पण घालवू का?"

कॉलनीपाशी आल्यावर त्याने दोन चहा सांगितले.

त्याने मला माफ केलं असं मी म्हणणार नाही. ते मी कधी विचारलंच नाही. तो माझ्याशी बोलत राहिला, चहा पाजत राहिला. मी पीत राहिलो.

आज दुपारी अंत्यविधीला त्रिसरण-पंचशील झालं. वहिनींचे ओठ हलत होते. आवाज येत नव्हता. जयंतीच्या मैदानावर आता मोठा डीजे लागतो, आणि त्या कॉलनीत कधी एक पार्टी होती हे सांगणारे आम्ही तिघं-चौघं उरलोय.

तुमच्या गल्लीत कोणी वाजवणारं असेल, गाणारं असेल, तर या वर्षी त्यालाच बोलवा. बेसूर वाजवलं तरी बोलवा. मीटिंगमध्ये सगळे हसतील. तुम्ही हसू नका.

मधू, सात वर्षं तू आमच्यासाठी वाजवलंस. आम्ही ऐकलं, आणि विसरलो.

मित्रा, शेवटचा जयभीम.